पहिले पंधरा सेंटीमीटर

साडेत्रेसष्ट किलोंचा हातोडा
पाऊण मीटरवरून पडतो. धप्प.
राऊजवळच्या या शेतात सोयाबीनचे खुंट अजून बोचतात,
आणि पुढल्या दिवाळीपर्यंत अकरा मजले उभे राहायचेत.
मी वहीत रेघा मारते, चार उभ्या, एक आडवी.
रामरतन दोर सोडतो. ‘मॅडम, ये तो मक्खन है.’

पहिल्या पंधरा सेंटीमीटरचे ठोके
मोजायचे, लिहायचे, पण धरायचे नाहीत.
तिथला तळ आपणच ढवळून ठेवलेला असतो.
(माझ्या पहिल्या दोन नोकऱ्यांचंही तेच.)

आत्या विचारते, ‘माती तपासतेस, म्हणजे कृषी खात्यात ना?’
मी हो म्हणते. रविवारी कोण समजावत बसणार.

लॅबमध्ये काचेवर काळ्या मातीची वळी वळते
तीन मिलिमीटरवर तडकेपर्यंत.
आई एकदा बघायला आली,
लांबूनच म्हणाली, ‘पाणी जास्त झालंय.’
झालं होतं.

दोन नळ्या रात्रभर ठेवते, एकीत पाणी, एकीत रॉकेल.
रॉकेलमधली जशीच्या तशी.
पाण्यातली सकाळी दुप्पट, फुगून बसलेली,
जशी कुणी काही बोललंय तिला.

आमच्या सुखलियाच्या घरात कॅलेंडरमागे एक भेग आहे.
एकोणतीस वर्षं बाबा कंत्राटदार टिल्लूंचा उद्धार करताहेत.
वैशाखात तिच्यात रुपया उभा जातो,
भाद्रपदात पोस्टकार्डही नाही.
परवा मी कॅलेंडर उतरवलं.
भेगेच्या दोन्ही काठांवर शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा,
शेजारी तारखा, बाबांच्या एलआयसीतल्या अक्षरात,
शहाण्णव सालापासून दर महिन्याची एक तारीख,
फक्त आई इस्पितळात होती ते चार महिने कोरे.
इतका नेटका अहवाल मी अजून एकही लिहिलेला नाही.

म्हटलं, ‘बाबा, पाया काळ्या मातीतच थांबलाय.
अजून दीड मीटर गेला असता तर मुरूम लागला असता.’
बाबांनी चष्मा काढला, पुसला, हातातच ठेवला.
‘टिल्लू तेच म्हणत होता.
दीड मीटरचे पैसे मी वाचवले.’

धप्प.
बिल्डरचा माणूस सावलीतून उठून येतो,
वहीत डोकावतो, हसतो.
‘मॅडम, पंद्रह लिख दो ना, क्या फरक पड़ता है.’
रामरतन दोर धरून थांबलाय.
सात ठोके.
सात लिहिते.