साडेबारा ते साडेतीन

जून लागला की सोहारमध्ये
दुपारी साडेबारा ते साडेतीन
उन्हात काम करायला सरकारी मनाई.
क्रेनचे हूक हवेत तसेच लोंबत राहतात,
पोरं पोर्टाकेबिनच्या सावलीला आडवी होतात,
आणि मी, स्टोअरकीपर,
भांडाराचं शटर अर्धं ओढून
खुनाच्या तपासाला लागतो.

या वर्षीचा माल परवा आला.
आखाडकरवहिनींनी आपल्या तीस किलोंतले
चार किलो मला दिले,
त्यापायी कुरडया घरीच ठेवाव्या लागल्या,
हे त्यांनी दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा नवऱ्याकडून सांगवलं.
अकरा पुस्तकं. सगळी रहस्यकथा.
तीन कोरी करकरीत,
आठ बेळगावच्या रद्दीवाल्याकडची.
एकाच्या पोटात चष्म्याची पावती,
एकाच्या पोटात साखरेचं कूपन, न वापरलेलं.
मी अकरांचाही वास घेतला, ओळीने.
हवा इथलीही ओली असते,
पण तिला वास डांबराचा.
ही ओल माळ्यावरची.

मागच्या साली मागवलेली सहा
अजून वाचायची आहेत, मला माहीत आहे.
घरून फोनवर तेच विचारतात.
काय सांगू?
त्या सहांत खून होऊन वर्ष झालं,
प्रेतं थांबतील अजून थोडी.

आधी हिरव्या मुखपृष्ठाचं घेतलं.
वाडीतला सावकार, बंद खोली, विषारी काढा,
आणि तेविसाव्या पानावर, समासात,
पेन्सिलीने, ठसठशीत:
खुनी = कंपाउंडर.

मी पुस्तक मिटलं.
गोळ्यांच्या खोक्यावर, म्हणजे वेल्डिंगच्या सळ्यांच्या,
तसाच बसून राहिलो.
गुलजमान पाणी प्यायला आला, माझं तोंड पाहून म्हणाला,
घरी सगळं ठीक ना?
मी म्हटलं, कंपाउंडर निघाला.
तो म्हणाला, कुठे निघाला, एवढ्या उन्हात?

तरी वाचत राहिलो. पैसे दिले होते.
आता कंपाउंडर बाटली हलवी, मी त्याच्या बोटांकडे बघे.
तो देवळात जाई, मी म्हणे ढोंगी.
विधवेला फुकट औषध देई,
मी म्हणे, अस्सं.
बाहेर एकोणपन्नास डिग्री,
आत माझ्या मनात त्याला फाशी होऊन गेलेली.

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर
कंपाउंडरच विहिरीत सापडला.
पालथा. पायात एकच चप्पल.

म्हणजे पेन्सिल खोटं बोलली होती!

मग सावकार राहिला बाजूला.
मी पेन्सिलवाल्याच्या मागे लागलो.
ख जुन्या वळणाचा, रवुनी वाचता येईल असा.
बरोबरची रेघ पट्टीने मारलेली: मास्तर असावा,
नाहीतर तलाठी.
पान चोपन्नवर चहाचा अर्धगोल.
मुखपृष्ठाच्या आत वाचनालयाचा शिक्का,
गावाचं नाव नेमकं पुसट.
माणूस बहुधा आता नसेलही.
पण अनोळखी माणसाला फसवायला
त्याने पेन्सिलीला टोक काढलं होतं,
हे नक्की.

शेवटच्या पानावर, "समाप्त"च्या खाली,
तेच अक्षर, बारीक:
फसलात की नाही?

मी एकटाच हसलो. मोठ्याने.
गुलजमानने दारातून डोकावून पाहिलं
आणि न विचारता पंख्याचा वेग वाढवला.

हे पुस्तक आता बी कॅम्पच्या कुडतरकरला जायचं आहे,
तो गुरुवारपासून मागे लागलाय.
मी कानावरची पेन्सिल काढली,
जिने रोज नट-बोल्ट मोजतो ती,
तासली,
आणि एक्केचाळीसाव्या पानावर
जमेल तितक्या जुन्या वळणाने लिहिलं:
कंपाउंडर निर्दोष. वकिलाच्या बायकोवर लक्ष ठेवा.

भोंगा झाला. साडेतीन.
शटर वर केलं तर उन्हात सहा जण रांगेत,
सगळ्यांना हातमोजे हवे.
मी एकेकाच्या हातांकडे
जरा जास्तच वेळ पाहिलं.