मुबलक

चेशरमध्ये ऑलरेनशॉच्या कुरणात एक तळं आहे.
तळं कसलं, कधीकाळी माती काढलेला खड्डा,
दोनशे वर्षं पाणी धरून बसलेला.
विनिफ्रेड जाळं घालते, मी तक्ता धरते.
ताटलीत चिखल, शेवाळ, गोगलगायी,
आणि एकदम तो पाणभुंगा :
काळा, बदामाएवढा, उलटा झाला की पोट चांदीचं.
चांदी नव्हे, हवा आहे ती,
डबा बांधून न्यावा तशी पोटाशी धरून नेलेली.

"दोन," विनिफ्रेड म्हणते. पुन्हा बघते. "दोनच."
मी सवयीने २ लिहिते, खोडते, 2 लिहिते.

काठाला कंबरेच्या वर,
गुलाबी, ओला, अंगावर येणारा तेरडा.
हिमालयातून कुणा हौशी माणसाने बागेसाठी आणलेला,
मग कुंपण ओलांडून नदीला लागलेला.
त्याच्या रकान्यात आकडा नसतोच.
'मुबलक' लिहायचं आणि उपटायचा.

तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणतात आमच्यात.
विनिफ्रेडला सांगितलं तर म्हणाली,
"तीन दिवस? मी अठरा वर्षं उपटतेय."

मुळासकट येतो, मुळीच हट्ट न करता.
आम्हालाही तो मुळासकटच लागायचा.
मालवणला मावशी परसातून उपटायची,
मुळं धुवायची, सुपात घालून उंबऱ्याशी थांबायची.
गौर आली, गौर आली!
कशाच्या पावलांनी? आम्ही आतून ओरडायचो.
सोन्याच्या!
मुबलक होता तेव्हाही.

मुठीत शेंग फुटली. बिया बाहीत, बुटात, पाण्यात.
"उशीर केला आपण," विनिफ्रेड पुटपुटली,
मला की स्वतःला, कळलं नाही.

भुंगे सोडले. एक लगेच तळाला गेला.
दुसरा मिशी पाण्याबाहेर काढून हवा भरत राहिला.
त्याचं भरून होईपर्यंत
आम्ही दोघी बोललो नाही.

तेरड्याच्या ढिगाशी मात्र कोण थांबणार?
मी थांबले. शेंगा खुडल्या, तेवढा प्रामाणिकपणा,
आणि एक बऱ्या मुळांचं रोप
डिकीत गमबुटांखाली सरकवलं.
आज दिवस कोणता, ते विनिफ्रेडला ठाऊक नव्हतं.

घरी कुलूप मीच काढलं, आत मीच आले.
कशाच्या पावलांनी? चिखलाच्या.
मोज्यात एक बी अडकलेलं निघालं,
काळं, गोल, भुंग्याच्या पाठीसारखं चकाकणारं.
ते मोजलं.
एक.
अजून बशीत आहे.