बिंबा

आमच्या गावात ट्रामला बिंबा म्हणतात.
पोझनानबाहेर कुणाच्या तोंडी हा शब्द आला
तर समजावं, आपल्यातलं माणूस.
विल्दाच्या वळणावर ती पहाटे पावणेपाचला रूळ घासते
आणि कपाटातल्या बशा एकमेकींना कोपरखळ्या मारतात.

बशांचं विन्सेंतीला काही नाही.
त्याचं दुखणं सुई.
चाळीस वर्षं त्यानं रेल्वेच्या डब्यांखाली स्प्रिंगा बसवल्या,
परक्यांच्या कपातला चहा सांडू नये म्हणून.
आता पेन्शनीत एकच प्रवासी उरलीय,
तबकडीवरून चालणारी, तांदळाच्या कणीहून बारीक,
आणि बिंबा गेली की ती ठेचकाळते.

मग घरातल्या वस्तू जायला लागल्या.
आधी नातवाचे टेनिसचे चेंडू, अर्धे कापून.
मग माझ्या सायकलची ट्यूब.
मग केकचा पसरट डबा, त्यात वार्ता नदीची वाळू,
ओव्हनमध्ये भाजून कोरडी केलेली.
रविवारचा केक आठवडाभर दाताखाली कचकचत होता.
वाळूवर फरशी. ती जुनिकोवोच्या पाथरवटाकडची,
थडग्यासाठी कोरलेली, सालात चूक झाली म्हणून टाकून दिलेली.
कुणी गेर्त्रुडा. जन्माआधीच वारलेली.
तिला पालथी घातली, वर प्लेअर ठेवला.
"जड वर, मऊ खाली," तो म्हणाला,
जसं काही हे आमच्या संसाराबद्दल नव्हतंच.

ट्यूबमध्ये हवा किती, यावर तीन आठवडे.
जास्त झाली की ढोल, कमी झाली की फरशी टेकते.
पंप उशाशी.
फरशीवर वाडगाभर पाणी ठेवून
तो बॅटरीचा झोत तिरका धरायचा,
पाण्यावर वळी उठते का बघत.
मी म्हटलं, आजाऱ्याकडे बघतात असं माणसं.
म्हणाला, श्श.

जूनमधल्या एका मंगळवारी वळी उठली नाही.
वर स्लावोमिराची पोरं दोरीवरच्या उड्या मारत होती, तरी नाही.
मी मुद्दाम टाच आपटली. नाही.
त्यानं टोपी काढली.
घरात टोपी का घातली होती, देव जाणे.

मग आमच्या कारखान्याच्या गायकवृंदाची तबकडी,
चौऱ्याहत्तरच्या थंडीत, याच रस्त्यावरच्या शाळेच्या व्यायामशाळेत केलेली,
मोजून तीनशे छापलेल्या.
दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी मी.
दुसरं गाणं संपता संपता
ती खालून आली. कण्हत, रूळ घासत.

विन्सेंती उठला. पाणी पाहिलं: आरसा.
खिडकीतून पाहिलं: रस्ता उकरलेला,
ईस्टरपासून रूळच उचलून नेलेत,
बिंबा सगळ्या पलीकडून जातात.
सुई मागे नेली. पुन्हा तिथेच.
तो गुडघ्यांवर बसून वाळू चाचपायला लागला.

मला मात्र कळलं होतं. कानांना नाही, तळव्यांना.
बुटाला भोक त्या वर्षी, मोजे ओले,
शेवटचा सूर धरलेला,
आणि ती आली होती लाकडी जमिनीतून, पायांतून पोटात,
आमच्यातल्या एकीनंही सूर सोडला नव्हता.
माइकच्या स्टँडखाली कुणी काही ठेवलं नव्हतं.
ती वर चढली, आत गेली, बिंबली,
आणि पन्नास वर्षं राहिली तिथेच,
रस्त्यावरच्या बिंबेच्या आवाजाआड.

सांगितलं त्याला.
तो वाळूचे हात तसेच धरून बसला.
बऱ्याच वेळानं विचारलं, "कितवी? नंबर काय?"
"चार असावी. संध्याकाळी सहाला चारच."
"भरलेली होती," तो म्हणाला. "ऐक ना.
पुढची स्प्रिंग बसलीय तिची."

आणि पुन्हा लावली.
वाडग्यातलं पाणी हललं नाही.
बिंबा वळणावरून गेली.

केकचा डबा मी अजून मागितलेला नाही.