निवताना

फौंड्रीच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं,
कुठल्याशा बेअरिंग कंपनीचं.
ऑक्टोबरच्या पानावर परदेशातलं जंगल :
लाल, नारिंगी, पिवळंधमक.
वर्ष सरलं, पुढं कंपनीही बुडाली,
ते पान कुणी उलटलं नाही.
अकरा वर्षं उद्यमनगरात
बारा महिने ऑक्टोबर.

तातोबा (नाव घ्यायला आता कोण अडवतंय मला)
जेवताना सांगायचा,
"अगं, साच्यात ओतलेला रस निवतो ना,
तो ह्याच रंगांनी उतरत येतो.
पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल,
आणि मग गप्प.
झाडं पण निवत असणार तिकडं."
मी म्हणायची, "भाकरी निवतीय, ती खा."

माझी शाळेची व्हॅन. एकोणीस वर्षं
फुलेवाडीची पोरं तिच्यातून ने-आण केली.
बाकडी काढली, खाट बसली,
शेगडी, पाण्याचा पिंप, कोपऱ्यात आरसा.
बिजागऱ्या त्यानं बोटांनी चाचपून ठोकल्या.
आतून रंग मारायला निघाले तर म्हणाला, थांब.
खाटेच्या वर कंपासनं कोरलेलं तसंच आहे :
'गुरव सर झोपतात.'
आता त्याखाली आम्ही झोपतो.

भाऊबीज उरकली आणि निघालो.
रंकाळ्यावर धुकं, दिवे मालवलेले.
परितेच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या,
एकीमागं एक, तुरे हलवत, रस्ता आपल्या बापाचा.
मी हॉर्न दिला नाही. सवय आहे.
मागं पोरं असल्यासारखीच चालवते अजून,
खड्डा आला की आरशात बघते.
गुऱ्हाळाचा वास आला तेव्हा
त्यानं काच खाली केली आणि
बराच वेळ वर केली नाही.

दाजीपूरच्या नाक्यावर पोरगेला गार्ड.
"गाडीत काय आहे?"
"घर."
"मग घरपट्टी भरलीय का?"
तिघंही हसलो. त्याला चिवडा दिला, लाडू दिला.

आणि मग जंगल.
हिरवं.
जांभूळ हिरवी, अंजन हिरवी, हिरडा हिरवा,
एवढं हिरवं की सावलीसुद्धा ओली.
पिवळं म्हणावं तर कडेचं गवत तेवढं, कुसळांचं.
आमची झाडं काही एकदम रिटायर होत नाहीत,
एखादं पान कुठं व्हीआरएस घेतं,
बाकीची ड्यूटीवर.

मी इंजिन बंद केलं. काय सांगावं, जुळवत होते.
तो दार उघडून उतरला,
कपाळावर हात धरून वर बघत राहिला.
"आयला," म्हणाला. "पिकलंय की सगळं."

डॉक्टरनं सांगितलं होतं मला,
चाळीस वर्षं भट्टीत बघितलंय ह्यांनी,
पडदा पिवळा पडलाय, दोन्हीकडं.
दूध पिवळं, चांदणं पिवळं.
मी फक्त ऐकलं होतं. बघितलं नव्हतं
कधी ते त्याच्या जागेवर उभं राहून.

वानरांनी तोडून टाकलेलं एक पान
वाकून उचललं त्यानं.
"ह्याचा रंग काय गं? नारिंगी?"
जांभळाचं पान. कोवळं, हिरवंगार, देठाशी चीक.
मी म्हटलं, "नारिंगीच. जरासं लालसर."
"लालसर," तो म्हणाला.
खिशातल्या डायरीत ठेवलं,
भट्टीचे हिशेब लिहायचा तिच्यात.

रात्री चहा केला. वर पत्रा टकटक करत गार होत होता.
गव्यांची चाहूल लागली म्हणून दिवा मालवला,
तर तो अंधारातच बोलला,
"कॅलेंडरातल्यापेक्षा बरं आहे.
तिथं वास नव्हता."

आज शनिवार.
बुधवारी उजवा डोळा, गुरुवारी पट्टी सुटणार.
पहिलं काय बघायला मागेल, मला माहीत आहे.
मी जागीच, बोटं मोजत :
रवि, सोम, मंगळ...
डायरीत दाबलेलं जांभळाचं पान
वाळायला किती दिवस घेतं?