तीनदा दचकवणे

एतेल्विना गेल्यावर तिसऱ्या शनिवारी
बेलार्मिनोने आयुष्यात पहिल्यांदा फाबे भिजत घातले.
अंगठ्याच्या पेराएवढे पांढरे दाणे
रात्रभर पातेल्यात फुगत राहिले,
मधूनच एखादा टचकन वाजे,
झोपेत कुणी बोट मोडावं तसा.

सकाळी पाण्यावर फेस.
"ते ओतून द्यायचं," ती म्हणायची,
"रात्रभर सुटलेला वारा परत पोटात कशाला?"
ओतताना तो बेसिनपाशी थबकला.
पंचेचाळीस वर्षं जेवला, आणि हे पाणी
कधी, कुठे जातं, पाहिलंच नव्हतं.

मग मंद आच. उकळी आली की
पेलाभर गार पाणी.
आस्तुरियासच्या या डोंगरातल्या बायका
याला फाबे दचकवणं म्हणतात.
एकदा, दोनदा, तीनदा.
साल फाटत नाही, आतला गर लोणी होतो,
आणि पोट, त्या शपथेवर सांगतात, गप्प बसतं.

पहिल्या उकळीला तो टपूनच होता.
दुसरीला सालोमेने जिन्यातून हाक मारली,
थोडा उशीर झाला.
तिसरीला
बुडबुडे बघत उभाच राहिला, पेला हातात.

खाणीतल्या वायूला वास नव्हता.
खाली कुणी पादलं की पोरं खिदळायची,
"चला, हा तरी कळतो!"
सगळ्यांत मोठ्यानं फेर्मिन, त्याचा धाकटा भाऊ.
त्या मंगळवारी सातव्या बोगद्यात
कसलाच वास आला नाही.
दिव्याची ज्योत तेवढी निळी झाली,
आणि दचकायला
कुणालाच वेळ मिळाला नाही.

पाणी उतू जाऊन शेगडी चर्रर्र झाली,
तेव्हा त्यानं पेला रिता केला.

दुपारी दोन ताटल्या, एक सालोमेला.
काही साली फाटलेल्या. मीठ कमी.
"तिच्या हातची सर नाही,"
सालोमे म्हणाली, दुसऱ्यांदा वाढून घेत.

रात्री अंथरुणात पोट गुरगुरू लागलं.
तिसरा पेला भोवला.
पांघरूण जरासं उचललं त्यानं,
आणि भिंतीकडच्या उशीला
सवयीनं म्हणाला, "मी नाही हं."

अंधारात
आधी खांदे हलले, मग सगळी खाट.
हसता हसताच
तो खिडकी उघडायला उठला.