शीतकक्षाचा नियम

पहिल्या वहीत एकशे बारा नियम झाले होते.
इंधनाचा तक्ता, वेगाचा तक्ता,
उल्का डावीकडून आली तर इतकं, उजवीकडून आली तर तितकं,
कप्तान आजारी पडला तर पान चौतीस.
सन्मतीनं तीन पानं वाचली, वही मिटली.
"जीएसटीचं रिटर्न परवडलं की लेका."

म्हणून खोडायला बसलो.
उद्यमनगर, सोमवारची सुट्टी, शटर अर्धं खाली,
लेथवर ताडपत्री,
कूलंटचा तो आंबूस वास, अंघोळीनंही न जाणारा.
सरफेस प्लेट म्हणजे अंतराळ.
एवढी सपाट, एवढी गार जागा
अख्ख्या कोल्हापुरात आम्हाला दुसरी ठाऊक नव्हती.

फासा इर्शाद शिकलगारनं केला,
पंपाच्या बुशातनं उरलेल्या पितळेचा,
मिलिंगवर सहा बाजू, ड्रिलनं एकवीस खड्डे.
सहाच्या बाजूचं पितळ जास्त गेलं, ती हलकी झाली,
आणि सहा जरा जास्तच पडायला लागले.
"रिजेक्ट," तो म्हणाला, "दुसरा करतो."
"राहू दे की," कादंबरी म्हणाली,
"इतक्या लांब निघालेल्या जहाजाला
एवढं तरी नशीब नको?"
मी लिहिलं: पाच-सहा, जमलं.
तीन-चार, जमलं, पण काहीतरी मोडलं.
एक-दोन, नाही जमलं, आणि का ते तूच सांग.
चाळीस पानं तिथंच भंगारात गेली.

हवेसाठी मी टाक्या आखल्या होत्या, नळ्या, गळतीचं गणित.
आता ताटलीत खारे शेंगदाणे, मोजून वीस.
फेरी संपली की ज्यानं त्यानं एक खायचा. तो श्वास.
पहिल्याच दिवशी वादावादीत
इर्शादनं नकळत मूठभर तोंडात टाकले
आणि आम्ही सगळे शनीच्या अलीकडं गुदमरून मेलो.
हसून हसून पोट दुखलं,
पण नियम तसाच ठेवला.
चिडलेला माणूस हवा जास्तच ओढतो.

चातुर्मासात सन्मती दिवेलागणीनंतर खात नाही.
मग त्याचा श्वास कुणी घ्यायचा?
एकशे बारात याला उत्तर नव्हतं.
कादंबरीनं त्याच्या पुढ्यातला दाणा उचलला,
"याचा मी घेतो" म्हणाली,
आणि दोन दाणे चावत जहाज वळवलं.
तेवढं मी एका जॉबकार्डाच्या पाठीवर लिहून घेतलं.
वही त्यानंतर उघडली नाही.

एकच गोष्ट सोपी होईना.
इंजिनवाला धैर्यशील चाकणला लागला होता.
त्याचा रंगाचा डबा, ज्यावर तो बसायचा,
तसाच पालथा, वर ग्रीसची बोटं.
"उल्का लागून गेला म्हणू," सन्मती म्हणाला.
"मी दोघांचं खेळतो," इर्शाद म्हणाला.
दोन्ही चाललं असतं. खेळच तो.
तरी दोन सोमवार पेन तिथंच अडलं.

तिसऱ्या सोमवारी लिहिलं:
जो आला नाही, तो शीतकक्षात झोपला आहे.
त्याला हवा लागत नाही.
त्याच्या वतीनं कुणी फासा टाकायचा नाही.
आणि वजन कमी करायची कितीही पाळी आली
तरी त्याला बाहेर फेकायचं नाही.
"दार?" कादंबरीनं विचारलं.
"आतनं उघडतंय," मी म्हणालो. लिहिलं नाही.

साडेनऊला फोन आला.
मागं कुठलासा प्रेस धाडधाड चाललेला,
त्याची दुसरी पाळी, चहाची सात मिनिटं.
"कुठपर्यंत पोचलाय रे?"
"गुरूच्या पुढं. इंजिन खोकतंय."
थोडा वेळ नुसता प्रेस ऐकू आला.
"मला उठवू नका अजून," तो म्हणाला,
"फक्त डाव्या बाजूचा व्हॉल्व बघा. तोच असणार."

इर्शादनं फासा टाकला.
सहा पडले,
पडतातच ते.