यंदाची भिंत

मे संपत आला की आमच्या गावात
बायका चुना भिजवतात.
पुरुषांनी पाणी आणायचं, कपाट ओढायचं,
दारावर बर्चच्या फांद्या बांधायच्या
आणि मग अंधार पडेतो घरात फिरकायचं नाही.
बेचाळीस वर्षं मी हा नियम पाळला.
ट्रॅक्टरखाली उताणा, तोंडावर ऑइलचे थेंब;
आत भिंतींवर काय उमलतंय
ते जेवायला बसल्यावरच कळायचं.

नोव्हेंबरात गेनोवेफाचा उजवा हात झोपला.
अजून उठला नाही.
जीभ मात्र तिसऱ्याच दिवशी जागी झाली, देवाची कृपा.

तेव्हा आता ती खिडकीशी खुर्चीत,
मांडीवर तो हात,
शेजारणीचं मूल घटकाभर सांभाळायला घेतल्यासारखा,
आणि शिडीवर मी.

"चुना दाट झालाय, दूध घाल.
दूध म्हटलं, साय नाही.
ब्रश निथळू दे आधी. गाडी चुकतेय का तुझी?"

मला रंग माहीत तीन:
ट्रॅक्टरचा लाल, गंजाचा तांबूस, आणि डिझेलचा.
तार्नुफच्या दुकानातून पुड्या आणल्या
त्या तिने उघडायला लावल्या, हुंगल्या,
दोन परत पाठवल्या.
"हा जांभळा नाही चालायचा.
विहिरीकडे बघ. तो लायलक बघ, आज आहे तसा.
परवा कोवळा होता, परवाचा नको.
आज त्याच्या कडा करपायला लागल्यात, तेवढी राख हवी रंगात.
वसंत येतानाचे रंग कुणीही काढतं रे.
जातानाचे काढायला डोळा लागतो."

मी चमचाभर राख घातली.
"अर्धा चमचा सांगितला होता."
सांगितला नव्हता. पण मी गप्प.

चुलीमागची भिंत सगळ्यांत काळी.
पूर्वी घरांना धुराडी नव्हती तेव्हा, ती म्हणते,
काजळीच्या डागावर बायका चुन्याचा ठिपका मारायच्या,
ठिपक्याभोवती ठिपके,
त्याचंच पुढे फूल झालं.
तिथला पोपडा सुटला होता, मी पत्र्याने खरवडला
तर खाली वर्षं निघाली, कांद्यासारखी, पापुद्र्याखाली पापुद्रा.
निळी फुलं, गव्हात उगवतात तसली.
त्याखाली खसखशीचा भडक लाल:
हे काझिमेश जन्मला तेव्हाचं.
त्याखाली एक थर नुसता पांढरा.
फूल नाही, पान नाही, एक रेघसुद्धा नाही.

त्या वर्षाबद्दल आम्ही बोलत नाही.
मी पत्रा खाली ठेवला.
ती खिडकीबाहेर बघत होती.
"लिंप," म्हणाली, बऱ्याच वेळाने, "आणि तिथे पिओनी काढ.
मोठी काढ."

मोठी काढली.
पाकळीवर पाकळी, पाकळीवर पाकळी,
थांबायचं कुठे हे कुणी सांगितलं नाही.
गुलाबी संपला तेव्हा हिरव्याने भागवलं.

संध्याकाळी रोझालिया अंडी द्यायला आली,
दारातच थबकली, चष्मा पुसला,
आणि म्हणाली, "वा! कोबी छान धरलाय यंदा."

गेनोवेफा हसली.
आधी नुसते खांदे, मग खोकला,
मग डोळ्यांतून पाणी, तोंड एका बाजूला ओढलेलं,
तशीच हसत राहिली.
नोव्हेंबरापासून पहिल्यांदा.
"कोबी तर कोबी," म्हणाली,
"मग खाली एक अळी काढ. बिचाऱ्याला सोबत."

काढली.
अळी मात्र हुबेहूब साधली, कुणालाही विचारा;
बागेत रोज तिच्याशी गाठ पडते माझी.

रात्री तिचा हात धुवायला घेतला,
कोमट पाणी, जुनं फडकं,
तर करंगळीच्या नखाशी हिरवा ठिपका.
माझ्याच ब्रशचा शिंतोडा, दुसरं काय असणार.
सगळा हात धुतला, पुसला, चादरीखाली ठेवला.

तेवढं नख राहू दिलं.